आधी वायर लावून बघू

सकाळी ६.१०

माझे डोळे उघडायच्या आत फोनवर मेसेज येऊन पडलेले असतात. मजकूर बहुतेक एकच : 'नेट स्लो आहे.' कुणी पुढे 'कधी येताय' लिहितं, कुणी स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट टाकतं, कुणी नुसताच फिरणारा गोल. आज आषाढातला शनिवार. रात्रभर पाऊस कोसळला, दोनदा लाइट गेली. म्हणजे यादी लांबणार.

मी मळवलीत राहतो आणि एका लहान ऑपरेटरकडे लाइनचं काम करतो. भाजे, पाटण, वर लोहगडवाडी आणि खिंडीपलीकडे पवनेच्या अंगाला उतरणारी घरं हा माझा भाग. मालकाला सगळे शेठ म्हणतात. शेठचं म्हणणं, तक्रार आली की लगेच गाडी काढायची. मी आधी चहा टाकतो आणि फोन लावतो. चहा उकळेपर्यंत निम्मी यादी घरबसल्या सुटते.

फोनवर माझे प्रश्न ठरलेले आहेत. सगळ्याच मोबाइलवर स्लो आहे की एकाच? राउटरच्या शेजारी उभं राहून बघितलं का? डब्यावर लाल दिवा लागलाय का? दिवसभर असं होतं की रात्री जेवणानंतरच? या चार उत्तरांवरून मला साधारण कळतं, दुखणं घरात आहे, लाइनवर आहे की आमच्या ऑफिसात. एकाच मोबाइलवर स्लो असेल तर मोबाइल बघायचा. राउटरजवळ पळतंय आणि बाहेरच्या खोलीत रांगतंय, तर भिंत. लाल दिवा म्हणजे लाइन. रात्रीच स्लो होत असेल तर... त्याचं नंतर सांगतो.

'राउटर बंद करून चालू करा' हे मी सगळ्यात शेवटी सांगतो. त्याने बऱ्याचदा बरं वाटतं, हे खरं. स्वस्त राउटरची मेमरी भरलेली असते, तापलेला असतो, बंद केल्यावर तो ताळ्यावर येतो. पण मूळ कारण त्यात झाकलं जातं आणि तोच माणूस परवा पुन्हा फोन करतो.

सकाळी ७.२५

शनिवारी नऊच्या आत वाडी गाठली नाही तर दुपारपर्यंत गाठता येत नाही. एक्सप्रेसवे ओलांडून भाज्यात शिरायचं, लेणी डाव्या हाताला सोडायची आणि चढाला लागायचं. पुढे विसापूर आणि लोहगड यांच्यामधली गायमुख खिंड, आणि तिथून वाडी. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात लोहगड आहे. गर्दी त्याआधीही कमी नव्हती. आता 'युनेस्कोवाला किल्ला कुठला?' असं विचारणारेही भेटतात.

पाठीवरच्या पिशवीत पॉवर मीटर, लाल लेझरचं पेन, फायबर कापायचा क्लीव्हर, क्रिम्पिंग टूल, कनेक्टरची पुडी, दोन-तीन ॲडॅप्टर. स्प्लायसिंग मशीन वेगळं, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, कारण त्याची किंमत माझ्या मोटरसायकलपेक्षा जास्त आहे. आणि एक जुना लॅपटॉप. जुना मुद्दाम ठेवलाय, कारण त्याला लॅनचा पोर्ट आहे. नव्या पातळ लॅपटॉपांना तो नसतो आणि त्याच्यावाचून माझं अर्धं काम अडतं. सोबत हातभर लांबीची एक चांगली वायर. ही वायर मी कुणाला देत नाही.

सकाळी ८.१५

गडाच्या पायथ्याचं जुनं घर. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड. वर पूर्वी कौलं होती, आता पत्रा. मुलगा हिंजवडीतल्या कंपनीचं काम ओटीवर बसून करतो. म्हणाला, ''मीटिंगमध्ये माझा चेहरा थिजतो. वरचा प्लॅन घेऊ का दादा?''

''आधी वायर लावून बघू.''

राउटर होता माजघरात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, पितळी हंड्याच्या मागे. कुणाची नजर पडू नये म्हणून असा दडवलेला. माझी हातभर वायर राउटरला आणि लॅपटॉपला लावली, वायफाय बंद केलं, टेस्ट चालवली. ९६. प्लॅन १०० एमबीपीएसचा. म्हणजे आमच्या ऑफिसपासून या कपाटापर्यंत सगळं ठीक. मग तोच लॅपटॉप वायर काढून ओटीवर नेला : ७.

''नव्वद गेले कुठं?'' मुलाने विचारलं.

मी भिंतीवर थाप मारली.

याचं गणित सोपं आहे. वायफायची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० छान, उणे ६५ चालेल, उणे ८० च्या पुढे गेलं की मोबाइल आणि राउटर एकमेकांना 'काय म्हणालास?' असंच विचारत बसतात. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. कपाटाच्या पत्र्याने आणि हंड्याने एका बाजूची वाट अडवली, उरलेलं दोन फूट ओल्या दगडाने खाल्लं. पावसाळ्यात दगडी भिंत पाणी धरून ठेवते आणि पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे मे महिन्यात कसंबसं चालणारं नेट आषाढात अडकतं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो पण वेग कमी. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. असल्या घरात ५ वाला फक्त दारातून आणि खिडकीतूनच बाहेर पडणार. म्हणून राउटर दाराच्या रेषेत हवा.

आज्जी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. मी ओटीकडच्या दाराशेजारच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं तसं म्हणाल्या, ''तिथं न्हाई हां बाळा. तिथं देवाचा दिवा लागतो.''

''मग दाराच्या वरती, आज्जी? फळी ठोकतो.''

''देवाच्या डोक्यावर? तिकडं त्या बाजूला घे.''

त्या बाजूला घेतला. दारापासून हातभर सरकलेली, पण उघडी जागा, छातीच्या वर. फायबर बसवताना मी प्रत्येक घरी दोन-तीन वेटोळी जास्तीची ठेवतो. ती अशा वेळी कामाला येतात, नाहीतर नवी वायर ओढावी लागली असती. ओटीवर ५ गिगाहर्ट्झला लॅपटॉप जोडला : ८२. मुलगा म्हणाला, ''म्हणजे प्लॅन वाढवायला नको?'' तीनशेचा प्लॅन घेतला असता तरी ओटीवर त्याला सातच मिळाले असते. भिंतीला प्लॅन कळत नाही.

सकाळी ९.४०

वरच्या अंगाचं होमस्टे. खाली मालकाचं घर, चढावर पाहुण्यांच्या खोल्या. खालच्या राउटरवरून लांब लॅन वायर ओढून वर दुसरा राउटर लावलाय. विचार चांगला आहे. सिग्नल वाढवण्याच्या नावाखाली जे डबे मिळतात, ते भिंतीतल्या प्लगला लावले की तोच कमजोर सिग्नल पकडून पुन्हा हवेत सोडतात, त्यात वेग आणखी निम्मा. वायर ओढणं कधीही चांगलं. पण वायर कुठली, हा प्रश्न उरतोच.

प्लॅन २०० चा. खाली वायरने २०५ दिसले. वर साडेनऊ. होमस्टेचे दादा म्हणाले, ''गेल्या वर्षापासून वर ९४ च्या पुढे कधी गेलंच नाही. आणि कालपासून तर साडेनऊ.''

९४ हा आकडा ऐकला की मी दुसरीकडे बघतच नाही. लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १००० च्या वेगाला आठही तारा धड लागतात. एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकांचे डबे आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि हातात जेमतेम ९४ पडतात. तक्रार कुणी करत नाही, कारण चाललेलं असतं. आणखी बिघडलं की १० वर उतरतात, हातात साडेनऊ. दादांची वायर वर्षभर एका पायरीवर होती, काल पुढची पायरी उतरली.

वायर खिळ्यांनी ठोकलेली, एका जागी खिळा सालीच्या आत. उन्हाने साल तडकलेली, तडकेतून पाणी. कापून बघितली तर तार पांढुरकी. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. बाजारात ही वायर निम्म्या किमतीत मिळते आणि मावळातल्या एका पावसाळ्यात तिचं पितळ उघडं पडतं. माझ्याकडे शुद्ध तांब्याची, बाहेरची जाड सालीची वायर होती, ती ओढली. पत्र्याच्या वळचणीखाली बसून दोन्ही टोकांना कनेक्टर मारले. व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्लू, व्हाइट ब्लू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन. हा क्रम या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. दोन्ही टोकांना क्रम तोच लागतो. हाताला पाणी असलं की तारा सरकतात, म्हणून टॉवेल मांडीवर ठेवून काम करायचं.

वर २०० लागले. दादांनी विचारलं, ''आणि आता खिळा?'' खिळा नाही. क्लिपा. त्याही सैल.

सकाळी ११.१५

आता खरा शनिवार सुरू झाला. खिंडीत गाड्या एकमेकींना चिकटल्यात. पायथ्याला भुट्टे, कांदाभजी, पिठलं-भाकरीच्या टपऱ्यांवर धूर. आणि मोबाइलची रेंज, जी सकाळी चार दांड्या दाखवत होती, ती आताही चारच दाखवतेय, पण काही उघडत नाही. लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं. दांड्या सांगतात टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतोय ते. टॉवरला तुमच्याकडे बघायला सवड आहे की नाही, हे दांड्यांवर दिसत नाही. जो टॉवर वाडीतल्या माणसांच्या हिशेबाने चालतो, त्याच्या गळ्यात शनिवारी हजारोंची गर्दी पडते.

भज्यांच्या टपरीवर गिऱ्हाईक मोबाइल हातात धरून उभं, स्कॅन केलंय, पैसे जात नाहीत. मागे रांग. मावशी वैतागल्या : ''गेले का न्हाई गेले, काय कळंना. परवा एक पोरगा गेले म्हणून निघून गेला, आले संध्याकाळी.'' आले तरी! सगळेच येत नाहीत.

म्हणून मावशींनी घरचा वायफाय टपरीपर्यंत आणलाय आणि पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून टांगलाय. मतलब इतकाच की पैसे पटकन यावेत. आता तक्रार अशी की वायफायवरही पैसे अडकतात.

वायर लावून बघितली. खाली येणारा वेग १०० पैकी ६० मोकळा. मग अडतंय काय? मी पिंग लावला. पिंग म्हणजे एक छोटी हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी अशी हाक २० मिलिसेकंदांत परत येते. आता ९००. मधेच हजाराच्या वर.

राउटरच्या पानावर जोडलेल्या मोबाइलांची यादी उघडली. खाली सरकवतोय, सरकवतोय, संपेना. गडावरून उतरलेला माणूस भजी मागवतो, पासवर्ड टाकतो, आणि त्याला कळायच्या आत त्याचा मोबाइल सकाळपासूनचे सगळे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतो. विंचूकाटा माची, धुकं, महादरवाजात काढलेले सगळ्या मित्रांचे सगळे फोटो. मोबाइल वायफायचीच वाट बघत असतो, त्याला तसं शिकवलेलंच असतं. वर जाणारी वाट अशी तुंबली की मागे रांग राउटरच्या पोटात साठत जाते. यूपीआयची चिठ्ठी मोजून एवढीशी, पण तीही त्या रांगेत व्हिडिओंच्या मागे उभी राहते. तिची पाळी येईपर्यंत बँकेची मुदत संपते. वेग भरपूर असून नेट स्लो, ते असं. स्पीड टेस्टचे मोठे आकडे बघून हे कधीच कळत नाही. हाकेला ओ किती वेळात येते, तेच बघावं लागतं.

दुसरी अडचण हवेतली. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं. गायमुखाच्या चढावर एखादा भरलेला टेम्पो पहिल्या गिअरमध्ये रखडला की मागच्या नव्या कोऱ्या गाड्याही त्याच्याच चालीने चढतात. इथे तो टेम्पो म्हणजे लांब, पार्किंगच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा जुना मोबाइल. रेंज नसल्यामुळे तो अगदी हळू बोलतो, एकेक वाक्य पुन्हा पुन्हा, आणि तेवढा वेळ सगळी हवा अडवून धरतो. टपरीला टेकून उभा असलेला गप्प.

तोडगा काढायला अर्धा तास लागला. घराचा वायफाय आणि गिऱ्हाइकांचा वायफाय वेगळा केला. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते, बहुतेक घरांत ती जन्मापासून बंदच असते. गेस्टला खाली १० आणि वर २ एवढीच वाट दिली. वर जाणाऱ्या एकूण वाटेला क्षमतेच्या जरा खालीच बांध घातला, म्हणजे रांग तुंबायच्या आत थांबते. पैशांचा आवाज देणारा स्पीकर आणि मावशींचा मोबाइल घरच्या वायफायवर ठेवले. घरचा पासवर्ड बदलला. पुठ्ठ्यावर गेस्टचा लिहिला.

हाक पुन्हा ३५ वर आली. स्पीकर बोलायला लागला, साठ रुपये, एकशे वीस रुपये. मावशींनी भज्यांचा कागद पुढे केला आणि विचारलं, ''पण दोनच दिलेत, लोक बोंबलणार न्हाईत?'' दोनात पैसेही जातात आणि व्हॉट्सॲपही. आपल्या सरकारी व्याख्येत २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून ती अट वाढवून खाली २ एमबीपीएस केली. मावशींच्या गिऱ्हाइकाला खाली दहा मिळतायत. सरकारच्या पाचपट. फुकट, भज्यांवर.

दुपारी १.५०

पिठलं-भाकरी, मिरचीचा खर्डा, आणि सोबत फोन. जेवताना सुटलेली तक्रार : 'फाइल डाउनलोड फक्त १२ दाखवते, प्लॅन तर १०० चा.' १२ मेगाबाइट म्हणजे ९६ मेगाबिट. एका बाइटात आठ बिट. कंपन्या जाहिरात बिटांत करतात, कारण आकडा मोठा दिसतो. कॉम्प्युटर फाइल बाइटांत मोजतो. गिऱ्हाइकाचा यात काय दोष?

दुपारी २.४०

एकाच वस्तीवरचे तीन-चार फोन. दिवा लाल नाही, पण नेट अडखळतं, मधेच तुटतं. एका घरचं असतं तर घर बघितलं असतं. शेजारशेजारच्या घरांचं एकदम बिघडलं म्हणजे वरचा जोड.

''पाऊस लागला की तुमचं नेट जातंच,'' हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो, त्या काचेला पावसाचं काही सोयरसुतक नाही. पाऊस तिच्या भोवतालचं सगळं बिघडवतो. फांदी पडते, खांब कलतो, जोडाच्या डब्यात पाणी शिरतं, लाइट जाते. आणि ज्यांच्या घरी काचेऐवजी छतावरची छोटी डिश आहे, त्यांचंही तेच. त्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडवतो तो उन्हाळ्यात खराटा झालेला आणि आता पानांनी भरलेला ओला ऐन, डिशच्या नेमक्या नजरेसमोर.

पॉवर मीटर लावला. उणे २८.६. इथे मोठा आकडा म्हणजे कमी उजेड. घरातला डबा साधारण उणे २७ पर्यंत उजेड वाचू शकतो, त्याखाली त्याला अक्षरं पुसट दिसतात, तो चुका करतो, पुन्हा मागवतो, मधेच हात सोडून देतो. गेल्या महिन्यात इथं उणे २१ होतं. साडेसात डीबी कुणीतरी मधेच खाल्ले.

लोकांना वाटतं, लांबीमुळे होत असेल, मळवलीहून किती लांब आहे वाडी! लांबी फार खात नाही. चांगल्या फायबरला किलोमीटरमागे जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा डीबी जातो. सहा-सात किलोमीटरला मिळून दोन-अडीच. एक लाइन आठ घरांत वाटणारा स्प्लिटर एकटाच दहाच्या वर खातो, पण तो हिशेबात धरलेला असतो. हिशेबाबाहेर खातात ती वळणं. काचेला अंगठ्यापेक्षा बारीक वळण दिलं की उजेड वळत नाही, बाहेर सांडतो.

डब्यापासून लाल लेझर सोडला आणि लाइनच्या बाजूने चालत निघालो. हे माझं आवडतं काम. धुक्यात अंधारून आलेलं होतं, त्यामुळे बघायला सोपं. खांब, वळचण, कुंपण, पुन्हा खांब. एका घराला नवी पत्र्याची शेड घातली होती, भाताची अवजारं आणि चिखलणीचा पॉवर टिलर ठेवायला. शेड उभारणाऱ्यांनी आमची वायर आड येते म्हणून गुंडाळून, तारेने आवळून, अँगलला बांधून टाकली होती. छान नीटनेटकं काम. त्या गाठीत लाल उजेड ठिबकत होता.

गाठ सोडली, वायरीला ताटाएवढं वेटोळं दिलं. मीटर : उणे २२. तेवढ्याने काम झालं असतं, पण काच एकदा मुडपली की आतून तडकलेली असू शकते, पुढच्या वादळात तीच जागा जाते. तेवढा तुकडा कापला, छत्रीखाली दोन स्प्लाइस मारले. उणे २१.४. घरधनी लावणीवरून चिखलाच्या पायांनी आले, इंद्रायणी भाताची रोपं अजून हातात. म्हणाले, ''आम्हाला काय माहीत, भाऊ. त्या वायरीत करंट नसतो म्हणाले म्हणून बांधली.'' करंट नसतो हे खरंच आहे. शेडवाल्याला मी काय सांगणार.

दुपारी ४.३०

पवनेच्या बाजूचा बंगला, मालक मुंबईत, फोनवर. ३०० चा प्लॅन, मिळतात ४०. राउटर दहा वर्षांपूर्वी दुसरीकडून आणलेला, फक्त २.४ वाला. खोक्यावर १५० लिहिलंय म्हणाले. खोक्यावरचा आकडा हवेतला, कागदोपत्री. हातात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. शिवाय त्या राउटरचा लॅन पोर्टच १०० चा, म्हणजे तीनशे त्यात शिरणार कुठून? नवा दोन पट्ट्यांचा, गिगाबिट पोर्टचा घ्या म्हटलं. म्हणाले, ''प्लॅन वाढवताना हे कुणी सांगितलं नाही.'' नसेल सांगितलं.

संध्याकाळी ६.०५

उतरताना भाज्यात एक घर. राउटर सारखा आपोआप चालू-बंद. ॲडॅप्टर हातात घेतला. १२ व्होल्ट लिहिलंय, पण अर्ध्या अँपिअरचा. टीव्हीच्या डब्याचा आणि राउटरचा ॲडॅप्टर पिनेने सारखाच बसतो. मागच्या वेळी लाइट गेली-आली तेव्हा कुणीतरी अदलाबदल केली. एकटा मोबाइल असला की पुरतो, सगळे घरी आले की राउटरची ताकद संपते आणि तो मरून पुन्हा जन्मतो. ॲडॅप्टर बदलून दिले. पाच मिनिटं. घरातल्या ताईंनी टीव्हीच्या ॲडॅप्टरला तिथेच लाल धागा बांधून टाकला.

रात्री ९.२०

हा तास मला आवडत नाही, कारण या तासातल्या तक्रारी खऱ्या असतात. सकाळी सहाला ९६ आणि रात्री नऊला २०, तेही राउटरला वायर लावून. भिंत निर्दोष, वायर निर्दोष, गिऱ्हाईक निर्दोष. असं दिसलं की दुखणं आमच्या बाजूचं. ऑपरेटर पुढून जेवढी वाट विकत घेतो, त्याच्या कितीतरी पट गिऱ्हाइकांना विकतो. हे चोरीचं नाही, सगळं जगच असं चालतं, कारण सगळे एकदम वापरत नाहीत. पण रात्री नऊला सगळे एकदम वापरतात. मालिका, क्रिकेट, पोरांचे गेम, आणि शनिवारी बंगल्यांतले पाहुणे. किती पट विकायचं, इथेच ऑपरेटरची नियत दिसते. पाऊस, राउटर, 'वरून प्रॉब्लेम आहे' असली उत्तरं या वेळी गिऱ्हाइकाला देऊ नयेत, असं माझं मत आहे. मी लोकांना शिकवून ठेवलंय : सकाळी सहाला आणि रात्री नऊला, राउटरशेजारी, वायर लावून, दोन फोटो काढून ठेवा. दोन्हींत मोठा फरक असेल तर शेठना पाठवा, मला नको.

शेठना हे शिकवणं आवडत नाही. पण मागच्या महिन्यात असे फोटो बरेच जमा झाले, तेव्हा त्यांनी शनिवार-रविवारची वाट वाढवून घेतली. आजचा नऊचा आकडा ५५. चांगला नाही, पण २० नाही.

रात्री १०.१०

शेठचा फोन. वाडीतला एक होमस्टेवाला ३०० च्या प्लॅनला तयार आहे, उद्या सकाळी जाऊन करून टाक.

''कुठं ठेवलाय त्यांनी राउटर?''

''मला काय माहीत? तू प्लॅन कर.''

''शेठ, त्यांच्या खोल्या मागच्या अंगाला, मधे पाण्याची टाकी. तीनशे केले तरी खोलीत दहाच मिळणार, आणि पुढच्या शनिवारी फोन मलाच.''

पलीकडून थोडा वेळ काही नाही. मग, ''मग काय करतोस?''

''उद्या सातला जातो. आधी वायर लावून बघतो. लागले पूर्ण, तर टाकीच्या पलीकडं एक वायर ओढून दुसरा राउटर. त्याचे पैसे घेऊ. प्लॅन आहे तोच राहू दे.''

''आणि नाही लागले पूर्ण?''

''नाही लागले, तर आपली लाइन बघतो.''

त्यांनी फोन ठेवला. मी यादीत पहिलं नाव तेच लिहिलं आणि स्प्लायसिंग मशीन चार्जिंगला लावलं.